चकचकीत नको, खरखरीत हवं!

चांदी म्हटलं की खामगाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या या रजतनगरीत समई घ्या नाहीतर पैंजण, गिऱ्हाईक आधी बघतं ते पॉलिश. आरशासारखं चकाकलं की सौदा पक्का! पण एक गिऱ्हाईक असं आहे, ज्याला ही चकाकी फारशी रुचत नाही. तुमच्या-माझ्या डोक्यातली चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन.

मी या भानगडीत शिरले ती कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल वाचताना. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियात, एक लवचीक तार सरकवतात. तिच्यावर प्लॅटिनमचे 12 ते 22 इलेक्ट्रोड. निसर्गाने याच कामावर साधारण साडेतीन हजार पेशी नेमल्यात! तरीही ही मुलं बोलायला शिकतात, हे ग्रेटच. भारतात ही सर्जरी रुजवणाऱ्यांपैकी एक, मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना 2014 साली पद्मश्री मिळाली.

मग वाढवा की इलेक्ट्रोड, असं तुम्ही म्हणाल. पण गोची तिथेच आहे. शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचे करंट एकमेकांत मिसळतात. शिवाय जास्त बसवायचे तर ते बारीक करावे लागतात, आणि बारीक केले की विजेला बाहेर पडायला जागा कमी पडते. तेवढाच चार्ज ढकलायचा तर व्होल्टेज वाढवा. ते मर्यादेबाहेर गेलं की शरीरातल्या खारट पाण्याचं विघटन सुरू होतं, धातू विरघळू लागतो आणि ज्या नसेला जागं करायचं तिलाच इजा होते.

इथे नॅनोची एन्ट्री होते. इलेक्ट्रोडचा आकार तोच ठेवायचा, पण पृष्ठभागावर केसाच्या हजारो पट बारीक छिद्रं, खाचा, नाहीतर कार्बनच्या नळ्यांचं रान उगवायचं. टॉवेल आणि सॅटिनचा रुमाल सारख्याच मापाचे घ्या. पाणी जास्त कोण पितं? तसंच हे. खरी जागा कित्येक पट वाढते, अडथळा घटतो, कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं.

मला जास्त भावला तो दुसरा भाग. पेशींना हा पोत चक्क कळतो! गुळगुळीत टाइल्सवर वेल चढत नाही, खडबडीत भिंतीवर झरझर चढते ना? 2005 साली इटलीतल्या त्रिएस्तेच्या शास्त्रज्ञांनी उंदरांचे न्यूरॉन कार्बन नॅनोट्यूबच्या थरावर वाढवले. साध्या काचेवरच्या पेशींपेक्षा त्यांची आपापसातली विद्युत कुजबुज कितीतरी वाढली. सच्छिद्र सोन्यावरच्या प्रयोगांत आणखी एक गंमत दिसली: न्यूरॉन छान चिकटले, पण व्रण तयार करणाऱ्या अॅस्ट्रोसाइट पेशींचा पसारा कमी राहिला. हा व्रण म्हणजे मेंदूत रोवलेल्या इलेक्ट्रोडचा मोठा शत्रू. तो तारेभोवती जमतो आणि सिग्नल दबत जातो.

बाय द वे, आमच्या... सॉरी, खामगावच्या चांदीचं काय? ईसीजी काढताना छातीवर चिकटवतात त्या इलेक्ट्रोडमध्ये चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड असतं. कातडीवर ती एकदम फिट. मेंदूच्या आत मात्र ती विषारी ठरते, म्हणून तिथे प्लॅटिनम-इरिडियम.

एवढं सगळं झकास, तर मग अडलंय कुठे? टिकाऊपणात. नॅनो-थराचे कण सुटून आले तर काय, याची धास्ती खरी आहे. लॅबच्या डिशमधले प्रयोग काही दिवसांचे, फार तर महिन्यांचे असतात. एक वर्षाच्या बाळाच्या कानातली तार मात्र पुढची कित्येक दशकं चालायला हवी, कारण बिघडली की पुन्हा ऑपरेशन. आणि हे काही स्वस्तातलं काम नाही. 2014 पासून लागू झालेल्या सुधारित एडिप योजनेत केंद्र सरकारने एका इम्प्लांटसाठी 6 लाख रुपयांची मर्यादा ठेवली होती. त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे होतं. सर्जरीनंतर मॅपिंग आणि स्पीच थेरपी असते ती वेगळीच. लोणार किंवा मेहकरच्या आईबाबांसाठी त्यातली प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली रोजी आणि एसटीचं तिकीट.