आरशातला हात

आरसा मांडण्याआधी मी अर्धांगवायू झालेल्या काकूंना चांगल्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढायला सांगते. आरशातला हात त्यांना आपला दुसरा हात वाटायला हवा. बांगड्यांचा फरक दिसला की ती समजूत मोडते. सवाष्ण बाईच्या ते जिवावर येतं. मग दोन्ही हातांत सारख्या बांगड्या घालायच्या, तेही चालतं.

अर्धांगवायूच्या पेशंटना फिजिओथेरपी देताना घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो: हात हलतच नाही, तर व्यायाम कसला करायचा? अशा हातासाठीच मला आरसा मोलाचा वाटतो. मुळात हाताला काही झालेलं नसतं; त्याला हुकूम सोडणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. आरसा टेबलावर छातीच्या मधोमध आडवा न ठेवता उभा करायचा, चकचकीत बाजू चांगल्या हाताकडे. लुळा हात मागे झाकलेला. चांगल्या हाताची मूठ सावकाश उघडायची, मिटायची. तळहात उताणा, पालथा. नजर आरशात. झाकलेल्या हातानेही तेच करायचा मनापासून प्रयत्न करायचा, तो हलो न हलो. लुळा हात हलतोय असं डोळ्यांना दिसलं की मेंदूतली हालचालीची केंद्रं जागी होतात, असा तर्क आहे.

कल्पना मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांची. हात कापलेल्या माणसांना नसलेल्या हातात कळा येतात, त्यावर त्यांनी कॅलिफोर्नियात आरसा वापरून पाहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अर्धांगवायूच्या ९ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास तपासले गेले: नेहमीच्या उपचारांना आरशाची जोड दिली, तर हाताची हालचाल आणि रोजची कामं सुधारतात.

घरोघरी पेशंटच्या हातात रबरी चेंडू देतात, ते मला अजिबात पटत नाही. बोटं आधीच आत वळून घट्ट होऊ लागलेली असतात. त्यांना उघडायला शिकवायचं की आणखी आवळायला?

आरशाचा सराव साधारण अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, निदान चार आठवडे. टीव्ही बंद. कुणाला गरगरतं, मळमळतं. तेव्हा लगेच थांबायचं. सुरुवात थेरपिस्टसमोरच करावी. बोटं जराशी हलू लागली की मी सरावात पंचा, वाटी, पेला आणते, आणि आरशाचा वेळ कमी करत जाते.