बॅकडोअर : फाइल गेली, पण घुसखोर गेला का?

संगणक सुरक्षा लेखमाला : लेखांक ५

वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि परवानग्या या संगणकाच्या रीतसर प्रवेशमार्गाला बगल देऊन बाहेरच्या व्यक्तीला गुपचूप आत येण्याची सोय करून देणाऱ्या घातक प्रोग्रॅमला बॅकडोअर, म्हणजेच चोरदरवाजा, म्हणतात. मागील लेखात पाहिलेले रॅन्समवेअर फायली अडवून खंडणी मागते आणि त्याच क्षणी स्वतःचे अस्तित्व जाहीर करते. बॅकडोअरचे सारे यश मात्र ते कोणाच्याही लक्षात न येण्यात असते. त्यामुळे संगणक सुरळीत चालतो आहे, एवढ्यावरून तो स्वच्छ आहे असे मानता येत नाही.

ऑगस्ट १९९८ मध्ये लास व्हेगास येथील डेफ कॉन परिषदेत ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या गटाने सादर केलेले, विंडोजसाठीचे ‘बॅक ओरिफिस’ हे अशा प्रोग्रॅमचे गाजलेले आद्य उदाहरण होय. ते ३१३३७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून येणारी माहिती ठरावीक प्रोग्रॅमकडे पोचवणाऱ्या क्रमांकित मार्गावर, बाहेरून येणाऱ्या आज्ञांची वाट पाहत असे. पुढे फायरवॉल घरोघरी आल्या आणि बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या अडवल्या जाऊ लागल्या, तेव्हा बॅकडोअरने दिशाच उलटवली. हल्लीचे बॅकडोअर बहुधा आतूनच हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधते, आणि तोही अनेकदा ४४३ या, सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पोर्टवरून. परिणामी ही वाहतूक बँकेचे किंवा ईमेलचे पान उघडण्यासारखीच दिसते.

ही लबाडी किती दूरवर जाऊ शकते, हे २०१७ मधील सीसीक्लीनरच्या प्रकरणातून दिसून आले. संगणकातील अनावश्यक फायली साफ करण्यासाठी असंख्य लोक वापरत असलेल्या या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती १५ ऑगस्ट रोजी कंपनीच्या अधिकृत वितरणातूनच बाहेर पडली, तिच्यावर कंपनीची वैध डिजिटल स्वाक्षरीही होती, आणि तरीही तिच्या पोटात बॅकडोअर दडलेले होते, कारण हल्लेखोर सॉफ्टवेअर तयार होण्याच्या प्रक्रियेतच शिरले होते. हा घातक भाग सुरू होताच सुमारे दहा मिनिटे काहीच करत नसे, जेणेकरून थोडा वेळ निरीक्षण करणाऱ्या स्वयंचलित तपासणीला तो चकवा देऊ शकेल. त्यानंतर तो प्रशासकीय अधिकार आहेत की नाहीत हे तपासी आणि संगणकाचे नाव, त्यावरील सॉफ्टवेअरची यादी व चालू असलेल्या प्रक्रिया हल्लेखोरांना कळवी. सुमारे २२.७ लाख वापरकर्त्यांपर्यंत ही आवृत्ती पोचली, परंतु त्यांतून निवडलेल्या मोजक्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या संगणकांवरच पुढचा, अधिक घातक टप्पा उतरवण्यात आला. प्रकरण उघडकीस आणणाऱ्यांपैकी सिस्कोच्या टॅलोस या संशोधन गटाने नुसती नवी आवृत्ती टाकून न थांबता संगणक आधीच्या बॅकअपवरून पूर्ववत करण्याचा किंवा नव्याने उभारण्याचा सल्ला दिला होता. बॅकडोअरच्या उपचारातील कळीचा मुद्दा हाच आहे: सापडलेली फाइल म्हणजे घुसखोरी नव्हे, ती घुसखोरीची एक खूण असते.

कारण एकदा वाट मिळाली की हल्लेखोर टंकलेली प्रत्येक अक्षरकळ टिपतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, कॅमेरा चालू करतो, त्या संगणकाला पायरी करून कार्यालयातील इतर संगणकांकडे सरकतो आणि पुष्कळदा दुसरी वाटही तयार करून ठेवतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावरही आपले अस्तित्व टिकावे म्हणून तो विंडोजच्या रजिस्ट्रीत, टास्क शेड्युलरमध्ये किंवा सेवांच्या यादीत स्वतःची नोंद करतो. याला अपवादही आहेत: २०१७ मध्येच गाजलेले डबलपल्सर केवळ स्मृतीत राहत असल्याने संगणक पुन्हा सुरू करताच नाहीसे होई, पण मूळ त्रुटी बुजवली नसेल तर तेच पुन्हा शिरू शके.

शोध घेताना मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन आपोआप सुरू होणाऱ्या सर्व गोष्टी एकत्र दाखवते, तर नेटस्टॅट ही आज्ञा, योग्य पर्यायांसह दिल्यास, कोणती प्रक्रिया कोणत्या पत्त्याशी बोलते आहे हे सांगते. येथे नावापेक्षा ठिकाण अधिक बोलके असते. उदाहरणार्थ, ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची विंडोजची खरी प्रक्रिया सिस्टीम३२ या फोल्डरातून चालते, आणि त्याच नावाची फाइल वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातून चालत असेल तर संशयाला पुरेपूर जागा आहे.

संशय बळावल्यावर पहिले काम म्हणजे वायफाय बंद करणे व केबल काढणे. दुसरे काम पासवर्ड बदलण्याचे, परंतु ते दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून करावे. बाधित संगणकावर बसून बदललेला पासवर्ड थेट हल्लेखोराच्या हाती जातो, आणि घाईत नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. त्याच वेळी सर्व खात्यांतील चालू सत्रे बंद करावीत. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी, आणि संगणक कार्यालयाचा असेल तर पुसण्यापूर्वी तांत्रिक विभागाला कळवावे, कारण पुसल्यावर पुरावाही जातो.

विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करणारे डिफेंडर ऑफलाइन, तसेच केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने यांचा उपयोग जरूर करावा. तथापि प्रशासकीय अधिकार मिळवलेल्या बॅकडोअरच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकणे, ज्याला बोलीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. त्याआधी कागदपत्रे व छायाचित्रे तेवढी बाजूला काढून तपासून घ्यावीत. इन्स्टॉलर आणि विशेषतः फुकट विंडोज चालू करून देणारे ‘क्रॅक’ परत आणू नयेत, कारण अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा क्रॅक हा चोरदरवाजा बसवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. फार क्वचित, २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या लोजॅक्सप्रमाणे, घातक भाग मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच बसलेला असतो. तेथे डिस्क पुसूनही भागत नाही, आणि फर्मवेअर नव्याने लिहावे किंवा मदरबोर्डच बदलावा लागतो.