जिभेचा बंध : शस्त्रक्रियेइतकाच सरावही महत्त्वाचा

जिभेच्या खाली मध्यभागी एक पातळ पडदा असतो. काही बालकांमध्ये तो जन्मतःच आखूड असल्याने जिभेचे टोक वर उचलले जात नाही. यालाच जीभ चिकटलेली असणे असे म्हणतात.

अशा मुलास बोलणेच उशिरा येते, ही समजूत बरोबर नाही. बोलण्यास विलंब होत असल्यास प्रथम श्रवणशक्ती तपासून घ्यावी. जिभेच्या बंधामुळे अडचण येऊ शकते ती काही विशिष्ट उच्चारांत. ट, ड, ण, ळ हे उच्चार करताना जिभेचे टोक टाळूकडे वळवावे लागते. ल आणि र यांसाठीही ते वर न्यावे लागते. तरीही अनेक मुले सरावाने स्पष्ट बोलू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टर व वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्या तपासणीनंतरच घेणे इष्ट होय. हा पडदा घरी कापणे धोक्याचे आहे. त्यामुळे रक्तस्राव व जंतुसंसर्ग होऊ शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी

पडदा मोकळा करण्यास काही मिनिटेच लागतात. परंतु जिभेची जुनी सवय त्याने सुटत नाही. म्हणून समज आलेल्या मुलास हालचाली आधीच शिकविणे उपयुक्त ठरते. आरशासमोर बसवून जीभ बाहेर काढणे, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना लावणे, वरच्या ओठावरील श्रीखंड चाटणे, घोड्याच्या टापांसारखा टकटक आवाज काढणे, हे व्यायाम मुले खेळ म्हणून करतात.

शस्त्रक्रियेनंतर

डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर हेच व्यायाम दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ करावेत. पुढे 'ला', 'टा', 'ळा' अशी अक्षरे, मग 'फळा', 'पाणी' असे शब्द व शेवटी वाक्ये, असा क्रम ठेवावा. तान्ह्या बाळास मात्र स्तनपान हाच व्यायाम होय. त्याची जखम बोटाने ताणू नये.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आरोग्य पथक अंगणवाडीत व शाळेत येईल तेव्हा अस्पष्ट बोलणारे मूल शिक्षकांनी आवर्जून दाखवावे. तपासणीच्या दिवशी असे एकही मूल घरी राहू नये, याची काळजी पंचायत सदस्यांनी घ्यावी. उच्चार अडतो म्हणून मुलाला मंद ठरविणे अन्यायाचे आहे. वर्गात त्याची चेष्टा होऊ न देणे, हाही उपचाराचाच एक भाग आहे.