सात सीटची गाडी, दोन लेकरं आणि आज्जीची मांडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांच्या गावात संध्याकाळी नेट रुसतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना मध्ये मध्ये जे 'अं... म्हणजे' झालं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय घरातला आहे. तीन रांगांची फॅमिली गाडी घ्यायची असेल आणि घरात लहान लेकरं असतील, तर ती गाडी तपासायची कशी? मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन यांवर हजारो व्हिडिओ आहेत. पण चाइल्ड सीट लावल्यावर गाडीत कोण कुठे बसणार, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. ते मी स्वतः करून बघितलं, तेच सांगतो.

मी मूळचा बिलोलीचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. अण्णा मागच्या वर्षी रिटायर झाले. त्यांचे थोडे, माझे थोडे आणि उरलेलं लोन, असं करून गाडी घ्यायचं ठरलं. गाडीत बसणारी माणसं सात: मी, बायको, चौदा महिन्यांची लेक, दादाचा पाच वर्षांचा मुलगा, आई, अण्णा आणि आज्जी. दादा-वहिनी दुकान सोडून सहसा निघत नाहीत. अण्णांच्या मनात स्कॉर्पिओ. आमच्या भागात ही नुसती गाडी नसते, तो मान असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पहिला वाद मात्र गाडीवरून झालाच नाही. मी चाइल्ड सीट आणणार म्हणालो आणि आज्जी म्हणाली, "चार लेकरं मांडीवर वाढवली मी. माझ्या मांडीपेक्षा तुझी ती खुर्ची मोठी लागून गेली का?"

मांडीचं गणित

आज्जीचं खोटं नाही. मी स्वतः नरसी फाट्यापर्यंत काळी-पिवळीत कुणाच्या तरी मांडीवर बसून गेलोय. पण तेव्हाचा रस्ता आणि आताचा रस्ता यात फरक आहे. खड्ड्यांतून चाळीसने जाणारी जीप वेगळी. नरसीवरून नांदेडकडे किंवा देगलूरकडे जाणाऱ्या हायवेवर, पुढे बिनलाइटची ट्रॉली कधी दिसेल याचा भरवसा नसताना ऐंशीने पळणारी गाडी वेगळी.

आता साधं गणित करू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. धडक झाली आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण 17 पट जोर येतो. म्हणजे दहा किलोचं लेकरू त्या क्षणी पावणेदोन क्विंटलच्या आसपास ओढ देतं. सोयाबीनचं भरलेलं पोतं अंगावर आलं तर दोन हातांनी धरता येईल का? इथे तर तसली दोन-तीन पोती एकदम. आज्जीची माया कमी पडत नाही, हात कमी पडतात.

लहान लेकराला उलटं, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून का बसवतात, तेही सांगतो. लेकराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, आणि मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. समोर तोंड असेल तर पट्ट्यांनी धड जागेवर राहतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसवलं तर पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीवर दाबले जातात आणि जोर वाटला जातो. 1960च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना ही कल्पना अंतराळवीरांच्या सीटवरून सुचली. रॉकेट सुटताना अंतराळवीर पाठीवर टेकून जोर झेलतात, तसंच. युरोपच्या आर 129 या नियमात किमान 15 महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं आहे. त्यानंतरही सीटच्या मर्यादेत बसेल तितके दिवस उलटं बसवलेलं चांगलं.

आणि आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलं. 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

स्टार वाचायचे कसे

भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्टची योजना 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. त्याआधी ग्लोबल एनकॅप आपल्या गाड्या तपासायची. दोन्हींत मोठ्यांचे स्टार वेगळे आणि लहानांचे वेगळे असतात. जाहिरातीत दिसतात ते बहुतेक वेळा मोठ्यांचे.

अण्णांच्या आवडीची स्कॉर्पिओ-एन घ्या. 2022च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपमध्ये तिला मोठ्यांसाठी 5 स्टार मिळाले आणि लहानांसाठी 3. लहानांचे गुण 49 पैकी 28.93. एक्सयूव्ही 700ला 2021 साली लहानांसाठी 4 स्टार, गुण 41.66. टाटा सफारीला भारत एनकॅपमध्ये 44.54 आणि इनोव्हा हायक्रॉसला 45, दोन्ही 5 स्टार. बोलेरो निओला 2024 साली ग्लोबल एनकॅपमध्ये लहानांसाठी 1 स्टार. दोन्ही संस्थांचे गुण शेजारी ठेवून दशांशाची भांडणं करू नका, नियमांत फरक आहे. पण 28 आणि 45 यांच्यातला फरक दशांशाचा नाही.

आता स्टार काय सांगत नाहीत ते ऐका. टेस्टमध्ये दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या लेकराएवढे दोन पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवतात, आणि ते दुसऱ्या रांगेत. टक्कर समोरून आणि बाजूने होते, मागून नाही. म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या लेकराचं काय होईल, याचं उत्तर त्या स्टारमध्ये नाही. आणि तिसरी रांग तर डिक्कीच्या दाराला चिकटून असते.

बोलेरोसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर आडव्या सीट असतात. तिथे चाइल्ड सीट लावायचीच नाही. ती फक्त पुढे तोंड असलेल्या सीटसाठी बनवलेली असते. 'मागे चार लेकरं मस्त मावतात' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मावतात, पण तेवढंच.

शोरूममध्ये सीट घेऊन गेलो

मग मी एक गोष्ट केली जी तुम्हीही करा. आधी चाइल्ड सीट विकत घेतली आणि ती काखेत मारून शोरूममध्ये गेलो. सोबत आज्जी, आई आणि दोन्ही लेकरं. एका ठिकाणी सेल्समन म्हणाला, "सर, आयसोफिक्स आहे ना, टेन्शनच नाही." कुठे आहे विचारलं तर पाच मिनिटं सीटच्या फटीत हात घालून शोधत होता.

आयसोफिक्स म्हणजे सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या. चाइल्ड सीटचे दोन हुक त्यात खट्कन बसतात. तिसरा आधार वेगळा असतो, एकतर वरून मागे अडकवायचा पट्टा किंवा खाली जमिनीवर टेकणारा पाय. पायवाली सीट असेल तर खाली जमिनीत पोकळ कप्पा नाही ना, ते बघा. पोकळ झाकणावर पाय टेकवायचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. आयसोफिक्स बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेच्या दोन्ही खिडक्यांशी असतं. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेचं सीट पुढे उलथवावं लागतं. त्याच सीटवर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर ते उलथणार कसं? म्हणजे कागदावर सात सीट, आणि मागच्या दोघांना जायला वाट नाही.

यावर उपाय काय? दुसऱ्या रांगेत सलग बेंच असेल तर चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावा, डावीकडचं सीट उलथायला मोकळं राहतं. पण मग लेकराला उजवीकडून, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या बाजूने उतरवावं लागतं. शिवाय उलटी लावलेली सीट पुढच्या सीटला टेकते. मी उंच आहे. एका गाडीत माझे गुडघे स्टेअरिंगखाली अडकले. म्हणून सीट लावून झाल्यावर ड्रायव्हरने स्वतः बसून बघायचं.

दुसरा उपाय कॅप्टन सीट, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्ट्या खुर्च्या आणि मधून वाट. पण स्कॉर्पिओ-एन, सफारी, एक्सयूव्ही 700 या गाड्यांत कॅप्टन सीट घेतल्या की गाडी सहा सीटची होते. आम्ही सात. सातही बसतील आणि मधून वाटही राहील अशी मांडणी म्हणजे दोन-दोन-तीन, जी इनोव्हाच्या सात सीटमध्ये आहे.

आज्जी कुठे बसणार

त्या दिवशी आज्जी गाडीत चढली, लेकीच्या सीटशेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने विचारलं, "म्हंजे मी हिच्या बाजूलाच बसणार ना?" मी हो म्हणालो. तिने हात लांब करून लेकीच्या पायाला लावला, पोचतो का ते बघितलं. पोचला. मग म्हणाली, "मग राहू दे तुझी खुर्ची." पावणेदोन क्विंटलचं गणित मी तिला तीनदा सांगितलं होतं. तिचा प्रश्न वेगळाच होता, आणि मी तो विचारलाच नव्हता.

तर आमची मांडणी अशी ठरली. पुढे मी आणि अण्णा. मध्ये लेक आणि आज्जी. मागे बायको, आई आणि खिडकीशी बूस्टरवर पुतण्या. पाच वर्षांच्या मुलाला बूस्टर लागतो, नाहीतर बेल्ट मानेवर आणि पोटावर येतो. तो खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर यायला पाहिजे. पुतण्या तिसऱ्या रांगेत बसतो, हे मला मनापासून पटलेलं नाही. आज्जी नसेल त्या दिवशी तो मधल्या रांगेत येणार, हे घरात ठरलंय.

अण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लोकं काय, महिनाभर बोलतील." हायक्रॉस बुक झाली. कुणी पैसे दिलेले नाहीत, आणि तुमच्या घरात माणसं पाच असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

जाताना ही यादी घेऊन जा

एक, चाइल्ड सीट लावून तळाशी धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर ती नीट बसलेली नाही.

दोन, सीट लागलेली असताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला त्याच्या जागेपर्यंत जाऊन परत यायला सांगा. आमच्या आईने मागच्या रांगेत तीन फेऱ्या मारल्या.

तीन, पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी चाइल्ड सीट कधीच लावायची नाही.

चार, तिसरी रांग उभी ठेवून डिक्की उघडा आणि आपल्या खऱ्या बॅगा ठेवून बघा. पाच किलोचा तेलाचा डबा सुटा ठेवला तर मघाच्याच गणिताने तो 85 किलोचा होतो, आणि पुतण्याचं डोकं तिथून वीतभर लांब असतं.

पाच, टेस्ट ड्राइव्ह दुपारी बारानंतर घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात काळं सीट आणि बक्कल तापून चटका बसतो. तिसऱ्या रांगेत एसीचा गारवा किती वेळाने पोचतो ते घड्याळ लावून बघा.

सहा, मागच्या मोठ्यांनीही बेल्ट लावायचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं तपासात समोर आलं. बेल्ट न लावलेला मागचा माणूस पुढच्या लेकराच्या सीटवरच जाऊन आदळतो.

बस, एवढंच. गाडी अजून यायची आहे, आज्जी रोज विचारते. तुमच्या घरात किती माणसं, किती लेकरं आणि कुठली गाडी डोक्यात आहे, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात दोन-तीन घरांची मांडणी कागदावर काढून बघू. भेटू.