उन्हाळा संपू नये म्हणून
कार्टूनच्या जगात : लेखांक ७

मागच्या लेखात आपण पीटर पॅनची गोष्ट पाहिली. जे. एम. बॅरी यांनी १९०४ मध्ये रंगभूमीवर आणलेला आणि १९५३ मध्ये डिस्नेच्या चित्रपटात आलेला हा मुलगा मोठं व्हायला साफ नकार देतो आणि त्याचा तो नकार शेवटपर्यंत टिकतो. आजच्या मालिकेत असाच नकार एक मुलगी देते. पण ती एकटी नाही. तिच्या शेजारी तिचा जुळा भाऊ आहे आणि त्याला मोठं व्हायची घाई झाली आहे.

ही मालिका म्हणजे ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’. डिस्ने चॅनेलवर तिचा पहिला भाग १५ जून २०१२ रोजी आला, शेवटचा १५ फेब्रुवारी २०१६ रोजी. दोन पर्वं, ४० भाग. निर्माता अ‍ॅलेक्स हर्ष हा कॅलिफोर्नियातल्या पीडमॉन्टचा. त्याला एरियल नावाची जुळी बहीण आहे आणि लहानपणी या दोघांच्या उन्हाळ्याच्या सुट्या एका आजीच्या रानातल्या घरी जात. मालिकेतले डिपर आणि मेबल पाइन्सही पीडमॉन्टचेच. बारा वर्षांच्या या भावंडांना आईवडील सुटीसाठी ऑरेगन राज्यातल्या ग्रॅव्हिटी फॉल्स या आडगावी, आजोबांचे भाऊ स्टॅन यांच्याकडे पाठवतात. स्टॅनआजोबा पर्यटकांना खोट्यानाट्या चमत्कारिक वस्तू दाखवून पैसे कमावतात. गावाभोवतीच्या जंगलात मात्र खरेखुरे बुटके, भुतं आणि राक्षस राहतात. डिपरला एक जुनी हस्तलिखित वही सापडते आणि साहसं सुरू होतात.

बहुतेक कार्टूनांत वय वाढत नाही. ‘द सिम्पसन्स’ १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हा दहा वर्षांचा असलेला बार्ट आजही दहाच वर्षांचा आहे. २००८ पासून आपल्याकडची मुलं पाहत आली तो छोटा भीमही तेवढाच. यात सोय असते. भाग कुठल्याही क्रमाने दाखवता येतात आणि पाहणारी पिढी बदलली तरी नायक तोच राहतो. हर्षने ही सोय नाकारली. त्याची संपूर्ण मालिका एकाच उन्हाळ्यात घडते आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी, ३१ ऑगस्टला, जुळ्यांचा तेरावा वाढदिवस आहे. पुढे शाळा आहे, किशोरवय आहे. त्यामुळे राक्षसाला हरवण्याच्या प्रत्येक गोष्टीखाली दिवस सरत असल्याची जाणीव चालू राहते.

मोठं होण्याची भीती इथे थेट भाषणातून येत नाही, ती छोट्या प्रसंगांतून साठत जाते. पहिल्या पर्वात एक भाग आहे. या गावात हॅलोवीनचा सण उन्हाळ्यातही साजरा होतो. सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरायचं, ही त्या सणाची रीत. मेबलची तयारी जय्यत. डिपरला मात्र थोरल्या मुलांच्या पार्टीला जायचं आहे, कारण तिथे त्याला आवडणारी पंधरा वर्षांची वेंडी असणार आहे. खाऊ मागत फिरणं त्याला आता पोरकट वाटतं. मेबल दुखावते ती खाऊ हुकतो म्हणून नाही. दोघांनी मिळून साजरा केलेला गेल्या वेळचा सण कदाचित शेवटचाच होता आणि तेव्हा आपल्याला ते कळलंही नाही, हे तिला लागतं. घरात दोन मुलं असलेल्या कोणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. एक जण खेळ सोडतो तेव्हा दुसऱ्याचाही खेळ संपतो.

डिपरची भीती उलट्या दिशेची आहे. आपण अजून लहानच आहोत, याची त्याला लाज वाटते. पुरुषासारखं दिसावं, आवाज फुटावा, वेंडीने आपल्याला बरोबरीचं मानावं म्हणून तो धडपडतो. दुसऱ्या पर्वात त्याच्या मनातलं वेंडीला कळतं. ती वयातला फरक समजावून त्याला सौम्यपणे नकार देते आणि मैत्री मात्र राखते. घाईने मोठं होता येत नाही, हे त्याला तिथे कळतं. आणि हे कळणं हीच त्याची वाढ आहे.

या साऱ्याचा कडेलोट होतो तो ‘डिपर अँड मेबल व्हर्सेस द फ्यूचर’ या २०१५ मधल्या भागात. वाढदिवस आठवड्यावर आलेला. मेबल पार्टीची आखणी करते आणि एकेक आधार निसटत जातो. जिवलग मैत्रिणी त्या दिवशी गावात नसणार. पुढच्या शाळेबद्दल वेंडी सांगते ते ऐकून मेबलचा धीर खचतो. उरतो डिपर. तेवढ्यात स्टॅन यांचे जुळे भाऊ, शास्त्रज्ञ फोर्ड, डिपरला आपला शिष्य म्हणून इथेच राहायला सुचवतात आणि मेबल ते वॉकीटॉकीवर ऐकते. ती जंगलात पळून जाते. तिथे दुसऱ्याच्या शरीरात शिरलेला मालिकेचा खलनायक बिल सायफर तिला म्हणतो, हा उन्हाळा आणखी थोडा लांबवू या का? त्यासाठी तिने एक वस्तू द्यायची. आपण काय देतोय हे न कळता ती देते आणि जगावर प्रलय ओढवतो.

काही प्रेक्षकांनी मेबलला यासाठी स्वार्थी ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. तिने मागितलं काय? अमरत्व नव्हे, सत्ता नव्हे. फक्त थोडे आणखी दिवस. मुलांच्या गोष्टीत खलनायक सहसा लोभाला गळ टाकतो, इथे तो भीतीला टाकतो. बारा वर्षांच्या मुलीला इतक्या गंभीरपणे घेणारी कार्टून मालिका विरळा.

पुढच्या भागात मेबल एका प्रचंड बुडबुड्यात सापडते. आत तिच्या मनासारखं रंगीत जग आहे, तिची प्रत्येक गोष्ट ऐकणारा नकली डिपरही आहे आणि वास्तवाचं नाव काढायला बंदी आहे. खरा डिपर तिला सोडवायला येतो तेव्हा तो बाहेर सगळं छान आहे असं खोटं सांगत नाही. शाळेतले दोघांचे वाईट दिवस तो आठवतो आणि त्या दिवशी एकमेकांनी कसं सावरलं तेही. फोर्डना नकार देऊन तुझ्याबरोबर घरी येणार आहे, असं सांगतो. मालिकेचं म्हणणं इथे पूर्ण उमटतं : मेबलला तेरा या आकड्याची भीती नव्हतीच, मागे एकटं सोडलं जाण्याची होती. म्हणूनच बुडबुडा फुटतो तो सोबतीच्या शब्दाने.

हेच दुःख मालिकेने आधी म्हाताऱ्यांच्या आयुष्यात दाखवून ठेवलेलं आहे, आणि मला तिची खरी उंची तिथे दिसते. स्टॅन आणि फोर्ड यांनी लहानपणी एक होडी दुरुस्त करून जगभर हिंडायचं ठरवलं होतं. हुशार फोर्डला दूरच्या मोठ्या कॉलेजची संधी आली. स्टॅनच्या हातून रागाच्या भरात त्याचं विज्ञान प्रदर्शनातलं यंत्र बिघडलं, संधी हुकली आणि वडिलांनी स्टॅनला घराबाहेर काढलं. पुढे १९८२ मध्ये दोघांच्या झटापटीत फोर्ड दुसऱ्या मितीत ओढला गेला. त्याला परत आणायला स्टॅनची तीस वर्षं गेली. मेबलने जी भीती बारा वर्षांची असताना बोलून दाखवली, ती स्टॅनने कधी बोलूनच दाखवली नाही. शेवटी म्हातारे भाऊ खरोखरच होडीतून निघतात. आणि जुळी तेरा वर्षांची होऊन बसने घरी परततात.

हर्षने मालिकाही इथेच थांबवली. चॅनेलने ती बंद केली नव्हती. निर्णय आपला आहे, कारण ही एका उन्हाळ्याची गोष्ट आहे, असं त्याने २०१५ मध्ये जाहीर केलं. लोकप्रियतेच्या ऐन भरात हे करणं सोपं नसतं. उन्हाळा लांबवू नये असं मुलांना सांगणाऱ्या माणसाने स्वतःचाही उन्हाळा लांबवला नाही.

पालकांना एक विनंती. शेवटच्या काही भागांतली दृश्यं भीतिदायक आहेत, तेव्हा आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना ती एकट्याने पाहू देऊ नका. पण घरातलं मूल सहावी-सातवीत असेल, तर ही मालिका त्याच्याशेजारी बसून पाहा. थोरल्याने खेळ सोडला म्हणून धाकटी रुसली, तर तिला ‘आता मोठी हो’ असं म्हणू नका. तिला कसली भीती वाटते ते विचारा आणि थोरल्यालाही ते ऐकू द्या.

पुढच्या लेखात : ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’. बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत पडद्यावरच मोठा झालेला नायक फिन.