दहावी कलादेवता आणि तिचे छोटे घर
(आस्टा नील्सनच्या आठवणींतून दिसणारी डेन्मार्कची चित्रपटसृष्टी)

कोणत्याही देशाच्या चित्रपटसृष्टीचा इतिहास सामान्यतः निर्मितिसंस्था, दिग्दर्शक आणि तंत्रातील बदल यांच्या आधारे लिहिला जातो. नटनटींच्या आठवणी या इतिहासात आल्याच, तर रंजक तळटीपा म्हणून येतात. त्या आत्मकेंद्री असतात, त्यांत तक्रारीचा सूर असतो, स्मृतीने त्यांत फेरफार केलेले असतात, हे आक्षेप खोटे नाहीत. तथापि हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ किंवा दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ वाचलेल्या मराठी वाचकाला हेही ठाऊक असते की, संस्थेच्या कागदपत्रांत जे कधीच नोंदले जात नाही ते अशा लेखनातच सापडते. छोट्या देशाच्या चित्रपटसृष्टीबाबत तर ही साक्ष विशेष मोलाची ठरते. तेथे कलावंताला देशात राहावयाचे की देश सोडावयाचा, हा प्रश्न फार लवकर भेडसावतो. डेन्मार्कची अभिनेत्री आस्टा नील्सन हिचे दोन खंडांतील आत्मचरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

हे आत्मचरित्र १९४५ आणि १९४६ या वर्षांत डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘दहावी कलादेवता’ असा होतो. ग्रीक पुराणकथांत काव्य, नृत्य, इतिहास इत्यादींच्या नऊ अधिष्ठात्री देवता मानल्या आहेत. चित्रपट ही दहावी, असा त्या नावाचा अभिप्राय. १९६१मध्ये निघालेल्या जर्मन भाषांतरात मात्र ही देवता ‘मौन’ झाली, आणि २०२२च्या इंग्रजी भाषांतरानेही तेच विशेषण स्वीकारले. नावातील हा बदल सूचक आहे. परदेशी वाचकांना नील्सन ही मूकपटाची नटी म्हणून आठवत होती. तिचा स्वतःचा दावा याहून मोठा होता. चित्रपट ही रंगभूमीची दासी नव्हे, ती स्वतंत्र कला आहे, आणि ही गोष्ट तिच्या देशाने वेळीच ओळखली नाही, असे तिला म्हणावयाचे होते.

रंगभूमीचा दरवाजा आणि ‘आफग्रुंदेन’

आस्टा नील्सनचा जन्म ११ सप्टेंबर १८८१ रोजी कोपनहेगनमध्ये एका श्रमिक कुटुंबात झाला. वडील लोहारकाम करणारे आणि वारंवार बेकार असणारे. आई धुण्याची कामे करून संसाराला हातभार लावणारी. बालपणाचा काही काळ स्वीडनमधील माल्मो येथे गेला. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर तिने रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळविला. पुढची काही वर्षे डेन्मार्कमधील नाट्यगृहांत आणि नॉर्वे-स्वीडनमध्ये दौरे काढणाऱ्या मंडळ्यांत गेली. पण मोठी भूमिका हाती येईना. तिचा आवाज खर्जातला होता, चेहरा त्या काळच्या गोऱ्यागोमट्या नायिकेच्या साच्यात बसणारा नव्हता. रंगभूमीची उतरंड पक्की होती, आणि तिच्यात अशा नटीला वरची जागा नव्हती.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी दिग्दर्शक उर्बान गाद आणि आस्टा नील्सन यांनी १९१० साली ‘आफग्रुंदेन’ (‘खोल गर्ता’) हा चित्रपट केला. चित्रपट पाहून नाट्यगृहांचे चालक आपली दखल घेतील आणि रंगभूमीवर चांगल्या भूमिका मिळतील, हा त्यामागील मूळ हेतू होता. एका कोपनहेगनच्या चित्रगृहचालकाने भांडवल पुरविले. सुमारे आठ हजार क्रोनर खर्चून, अवघ्या आठवडाभरात हे काम उरकले गेले. प्यानो शिकवून पोट भरणारी माग्दा पाद्र्याच्या मुलाशी ठरलेले लग्न सोडून सर्कशीतील एका रांगड्या कलावंताबरोबर निघून जाते, आणि अखेरीस त्याचाच जीव घेते, एवढेच कथानक. तथापि त्यातील नृत्याचा उत्कट प्रसंग आणि शेवटी माग्दाला शिपाई घेऊन जात असताना तिच्या चेहऱ्यावर दिसणारी जड, निःशब्द शांतता, यांनी प्रेक्षक थक्क झाले. रंगमंचावरील हातवारे आणि मोठे हावभाव यांची जागा येथे नजरेने, खांद्याच्या हालचालीने, थांबण्याने घेतली होती. सप्टेंबर १९१०मध्ये कोपनहेगनच्या कोस्मोरामा चित्रगृहात हा चित्रपट प्रथम दाखविला गेला आणि पाहता पाहता युरोपभर पोहोचला. रंगभूमीवर जागा मिळावी म्हणून केलेल्या या चित्रपटाने नील्सनला रंगभूमीपासून कायमचे दूर नेले.

यानंतर मायदेशात कामांची रीघ लागावयास हवी होती. प्रत्यक्षात बोलावणे आले ते बर्लिनहून. १९११पासून ती आणि गाद जर्मनीत चित्रपट करू लागले. सत्तरहून अधिक चित्रपटांच्या कारकिर्दीत तिचे डॅनिश चित्रपट अवघे चार: ‘आफग्रुंदेन’, १९११ सालचे दोन आणि १९१९चा ‘मोद ल्यूसेत’ (‘प्रकाशाकडे’). ही आकडेवारीच तिच्या तक्रारीचा गाभा आहे.

तक्रारीची दुसरी बाजू

नटीच्या व्यथेला इतिहासाचे रूप देण्यापूर्वी त्या काळच्या डॅनिश चित्रव्यवसायाची रचना पाहणे आवश्यक आहे. त्या वेळी डेन्मार्कची लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी होती. एवढ्या प्रेक्षकसंख्येवर मोठा उद्योग उभा राहणे शक्य नव्हते. तरीही १९०६मध्ये ओले ओल्सेनने स्थापन केलेली नॉर्दिस्क ही कंपनी पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील अग्रगण्य संस्थांपैकी एक बनली. याचे रहस्य निर्यातीत होते. मूकपटाला भाषा नसते. मधल्या पाट्या बदलल्या की कोपनहेगनमधील चित्रपट बर्लिन, लंडन वा न्यूयॉर्क येथे सहज चालत असे. १९१०मध्ये ऑर्हुस येथील फोतोरामा कंपनीच्या ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ या लांबीने मोठ्या चित्रपटाची नॉर्दिस्कने सरळ नक्कल केली आणि दीर्घ चित्रपटांच्या निर्मितीकडे मोर्चा वळविला. म्हणजे ही चित्रसृष्टी झोपलेली नव्हती. ती अत्यंत चपळ होती. परंतु तिची चपळाई कारखान्याची होती. ठरावीक साच्याचे अनेक चित्रपट वेगाने काढावयाचे आणि बाहेर पाठवावयाचे, या पद्धतीत एका नटीच्या कलाविषयक आग्रहांना फारसे स्थान नव्हते.

जर्मनीत नेमके उलट घडले. तेथे चित्रपटाची प्रत कोणालाही विकण्याऐवजी एका शहरात तो दाखविण्याचा एकाधिकार विकण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती, आणि ‘आफग्रुंदेन’ हा त्या पद्धतीच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. या व्यवहारात प्रेक्षकाला खेचून आणणारे ठळक नाव लागते. त्यामुळे पाउल डाविडसन या निर्मात्याने नील्सनच्या चित्रपटांच्या मालिकाच आखल्या; चित्रपट तयार होण्यापूर्वी तिच्या नावावर ते विकले जात. मोठ्या बाजारपेठेला ‘तारका’ परवडते. किंबहुना तिची गरजच असते. नील्सनच्या आठवणींत जो फरक जाणकार आणि अजाण माणसांमधला म्हणून येतो, तो बव्हंशी दोन व्यापारपद्धतींमधला फरक होता.

शिवाय डेन्मार्कचे हे वैभव उसनेही होते. महायुद्धाने निर्यातीचे मार्ग आखडले. १९१७मध्ये नॉर्दिस्कची जर्मनीतील मालमत्ता नव्याने स्थापन झालेल्या ऊफा या बलाढ्य संस्थेकडे गेली. १९२८मध्ये तर मूळ कंपनीच गुंडाळावी लागली आणि पुढच्या वर्षी तिची पुनर्रचना झाली. १९१९मध्ये नॉर्दिस्कने नील्सनला ‘मोद ल्यूसेत’साठी बोलाविले, तेव्हा तिला सामावून घेण्याची इच्छा नव्हती असे म्हणता येत नाही, कुवतच उरत चालली नव्हती. याउलट बर्लिनमध्ये तिने स्वतःची निर्मितिसंस्था काढून १९२१मध्ये ‘हॅम्लेट’ केला. हॅम्लेट ही मुलगा म्हणून वाढविलेली राजकन्या आहे, अशा कल्पनेवरचा हा धाडसी प्रयोग छोट्या देशात भांडवलाअभावीच अडला असता.

परतल्यानंतर

बोलपटाने सारे गणित बदलले. मूकपटाच्या काळात सीमा ओलांडणारा चेहरा आता भाषेला बांधला गेला. नील्सनने १९३२मध्ये एकच बोलपट केला, तोही जर्मन भाषेत. नाझी राजवट स्थिरावल्यानंतर, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ती डेन्मार्कला परतली. तेथील बोलपट १९३१पासून सुरू झाले होते. पण भाषेच्या मर्यादेमुळे त्यांचा प्रेक्षक मुख्यतः देशातलाच होता, आणि पन्नाशी उलटलेल्या जगद्विख्यात नटीला त्यांत भूमिका मिळाली नाही. येथे वय आणि स्त्रीत्व यांचाही वाटा होता, हे मान्य करावयास हवे. त्या वयाच्या अभिनेत्रीसाठी मोठ्या देशांतही फारसे काही लिहिले जात नव्हते.

तिचा सल अधिक खोल होता तो दुसऱ्या एका कारणाने. डेन्मार्कमध्ये १९२२च्या कायद्यानुसार चित्रगृह चालविण्याचा परवाना शासन व्यक्तींना देत असे, आणि गुणवंत कलावंतांच्या उत्पन्नाची सोय म्हणूनही त्याचा उपयोग केला जाई. उर्बान गाद याला कोपनहेगनचे ग्रँड चित्रगृह मिळाले आणि १९४७मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच्याकडे राहिले. दिग्दर्शक कार्ल ड्रायर याला १९५२मध्ये दाग्मार चित्रगृहाचा परवाना मिळाला. नील्सनच्या अर्जांना मात्र नकार आला. पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला जे मिळाले ते त्या चित्रपटाच्या नायिकेला मिळाले नाही. हा प्रसंग बाजारपेठेच्या लहानपणाने समजावून सांगता येत नाही. परवाना देण्यास पैसा लागत नव्हता. कलावंताचे ऋण मान्य करण्याची तयारी लागत होती. तिच्या वैयक्तिक साक्षीला उद्योगाच्या इतिहासात जागा द्यावी लागते ती येथे.

पुढील काळात ती कापडाच्या तुकड्यांपासून चित्रे करू लागली आणि त्या कलेतही तिने नाव मिळविले. १९६८मध्ये, वयाच्या ऐंशीच्या दशकात, स्वतःविषयीचा लघुपट तिने स्वतःच दिग्दर्शित केला. आपली कहाणी इतरांच्या हाती सोपवावयाची नाही, हा आत्मचरित्रामागील निर्धार शेवटपर्यंत टिकला होता. मे १९७२मध्ये तिचे निधन झाले. त्याच वर्षीच्या चित्रपटविषयक कायद्याने परवान्यांची ती जुनी पद्धत रद्द केली आणि डॅनिश चित्रपट संस्था अस्तित्वात आली.

व्यवस्थेचा धडा

त्यापूर्वीच डेन्मार्कने दिशा बदलण्यास आरंभ केला होता. १९६४च्या कायद्याने चित्रपटाला कला म्हणून सार्वजनिक निधीचा आधार दिला आणि १९६६मध्ये राष्ट्रीय चित्रपटशाळा सुरू झाली. ‘चित्रपट ही कला आहे’ हे नील्सनचे म्हणणे शासनाने अशा प्रकारे कायद्याच्या भाषेत स्वीकारले. तिला व्यक्तिशः त्याचा लाभ होण्याची वेळ टळून गेली होती. पुढील पिढ्यांचे चित्र मात्र वेगळे आहे. माड्स मिकेल्सन हा अभिनेता २००६च्या ‘कॅसिनो रॉयाल’सारख्या चित्रपटातून जगभर पोहोचला, तरी २०१२च्या ‘याग्तेन’ (‘शिकार’) या डॅनिश चित्रपटासाठी त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला. आणि त्याची प्रमुख भूमिका असलेल्या २०२०च्या ‘द्रुक’ या डॅनिश चित्रपटाला पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिक लाभले. देश आजही छोटाच आहे. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. पण बाहेर गेलेल्या नटाला परत येऊन करण्याजोगे काम आता तेथे आहे.

नील्सनच्या दृष्टिकोनाचे मूल्यमापन करताना म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तिला दूर जावे लागले, याचे कारण प्रामुख्याने आर्थिक होते, आणि त्याचा दोष कोणा एकावर ठेवता येत नाही. ती परतल्यावर तिला जागा मिळाली नाही, याचे कारण मात्र केवळ आर्थिक नव्हते. पहिल्या बाबतीत तिची तक्रार इतिहासाने दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या बाबतीत इतिहासानेच तिच्या तक्रारीपासून शिकावे लागते. छोट्या देशाला आपले गुणी कलावंत बाहेर जाण्यापासून रोखता येत नाही, आणि रोखूही नये. परतीची वाट मोकळी ठेवणे मात्र त्याच्या हाती असते, आणि ती कोणासाठी मोकळी राहिली, कोणासाठी बंद झाली, याची नोंद निर्मितिसंस्थांच्या जमाखर्चात मिळत नाही. ती नटनटींच्या आठवणींतच शोधावी लागते.