सोपाऱ्याचा शिलालेख पाहताना

बोरीवलीकरांना कान्हेरीची लेणी नवीन नाहीत. परंतु आपल्याच पश्चिम रेल्वेवरील नालासोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, येथे सापडलेले सम्राट अशोकाचे शिलालेख कितीजणांनी पाहिले आहेत? त्यांपैकी नवव्या लेखाचा भाग फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) जतन केलेला आहे.

ही वास्तूही पाहण्यासारखी आहे. १९०५ साली तिची कोनशिला बसली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी कुर्ल्याचा काळा व मालाडचा पिवळसर दगड वापरला. म्हणजे या इमारतीचा दगड आपल्या उपनगरांतलाच! पहिल्या महायुद्धात येथे लष्करी रुग्णालय होते. १९२२ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नववा लेख जवळच्या भुईगावी १९५६ साली सापडला. त्याच वर्षी पूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, हा योगायोग मनाला भिडतो.

मी माझ्या वृद्ध आईला तेथे घेऊन गेलो होतो. ती शाळेची पायरी चढलेली नाही. दगडाकडे बघून म्हणाली, "बाळा, काय लिव्हलंय, वाच की." मी बी. ए. झालेला, बँकेत रोज शेकडो कागद वाचणारा. पण ब्राह्मी लिपीपुढे मीही अंगठेबहाद्दरच! ही लिपी सारा देश विसरला होता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी तिचा उलगडा केला.

मग पुस्तकात वाचलेला अर्थ मी तिला सांगितला. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात; त्यांचे फळ अल्प असते. दास व सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान, हेच खरे मंगल होय. आई क्षणभर थांबून म्हणाली, "मग तुझ्या लग्नात आपण कर्ज कशापायी काढलं रं?"

मला उत्तर देता आले नाही. बावीसशे वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आजही आपल्या घराघरांत शिल्लक आहे. म्हणून बंधू-भगिनींनो, एका रविवारी मुलाबाळांसह चर्चगेटची गाडी पकडा. आठव्या लेखात अशोकाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे म्हटले आहे. आपलीही एक धम्मयात्रा त्या दगडापर्यंत व्हावी, आणि घरी परतल्यावर पुढच्या लग्नाचा खर्च ठरवताना त्याची आठवण राहावी.